आधी येळवशीची रात्र शेतात काढा, गाडीचं नंतर बघू

अंबाजोगाईच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: "आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, सोबत सासूबाई. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. घरी एर्टिगा आहे आणि बारा लाखांपर्यंत पैसे जमवलेत. जुनी ट्रॅव्हलर घेऊन आतून घरासारखी करून घ्यावी, की गाडीमागे ओढायचा कॅराव्हॅन घ्यावा? आणि मुक्कामाच्या सहलींना सुरुवात कुठून करावी?"

ताई, मी लातुरात गाड्यांच्या बॉडीचं आणि वायरिंगचं काम करतो. गेली चौदा वर्षं मुक्कामी गाड्याही बांधतोय आणि घरच्यांना घेऊन तशाच गाडीतून हिंडतोय. आधी सरळ उत्तर देतो. ओढायचा कॅराव्हॅन नको. ट्रॅव्हलर चालेल, पण यंदा नको.

यंदा नको, कारण तुमच्या घराला कशी गाडी लागते हे अजून तुम्हालाच माहीत नाही, आणि ते दुकानात कळत नाही, रात्री कळतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या किती तरी गाड्या वर्षाकाठी चार रात्रीसुद्धा वापरलेल्या नसतात. आत सोफा असतो, टीव्ही असतो, छताला निळे दिवे असतात. पण आजीला पायरी चढवत नाही आणि लेकरांना रात्री लघवीला उठवायचं तर अख्ख्या घराला उठावं लागतं. मग एकदोन सहलींनंतर गाडी घरामागे उभी राहते आणि बॅटरी मरते. गाडी ठरवायची ती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाच्या रात्रीवरून. तुमच्या घरी ती दोन्ही माणसं आहेत, म्हणून आधी त्यांची रात्र बघा.

आपल्याकडे त्यासाठी वेळ अमावस्येसारखा, म्हणजे येळवशीसारखा, दिवस नाही. लातूर-धाराशिवकडे आणि तुमच्याही भागात मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं घर शेतात जातं. कडब्याची कोप उभारायची, पूजा करायची, भज्जी-उंडे-आंबील खायची आणि संध्याकाळी घरी परतायचं. तुम्ही यंदा परतू नका. स्वतःचं शेत नसेल तर नात्यातल्या कुणाचं तरी असेलच. आखाड्याजवळ, म्हणजे शेतातल्या गोठ्या-खोपटाजवळ, मुरमाड जागा बघून तंबू लावा, सासूबाईंना बाज आणि मच्छरदाणी द्या, आणि तिथेच एक रात्र काढा. घर जवळच असतं, काही बिनसलं तर अर्ध्या तासात आपल्या अंथरुणावर. डिसेंबर-जानेवारीची थंडी असते, पहाटे चांगलीच झोंबते, तेव्हा गोधड्या जास्तीच्या न्या. गारवा वरून येतो त्यापेक्षा खालून जास्त येतो, म्हणून अंगाखाली दोन पदर हवेतच.

त्या रात्री एक वही जवळ ठेवा. सासूबाई किती वेळा उठल्या, उठताना कशाला धरलं, किती उंचीवरून उठणं सोपं गेलं. मुलगा अंधारात घाबरला का. दोघांपैकी कुणाची झोप कशाने मोडली. आणि पाणी किती लागलं.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण बहुतेक लोक पलंग मोजतात आणि पाणी विसरतात. आपल्याला पाणी मोजायला शिकवायची गरज नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका बादलीत काय काय भागतं हे लेकरांनाही पाठ झालं होतं. तीच शिस्त गाडीत आणायची. शेतावर जाताना २० लिटरचे जार भरून न्या आणि दुसऱ्या दिवशी किती रिकामे झाले ते बघा. माझा अनुभव असा की अंघोळ सोडून माणशी १२ ते १५ लिटर लागतं. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं सगळं आलं. पाच माणसांचे झाले ६० ते ७५ लिटर. दोन दिवसांचं पाणी सोबत घ्यायचं म्हटलं तर दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो. दोन धट्टीकट्टी माणसं जास्तीची बसवल्यासारखं ते वजन गाडीवर येतं. म्हणून टाकी कधीच टपावर ठेवायची नाही. ती खाली, दोन्ही चाकांच्या मधल्या भागात, आत आडवे पडदे असलेली हवी, नाहीतर वळणावर पाणी हिंदकळतं आणि गाडी झोल खाते. मी स्वतः १०० लिटरच्या वर जात नाही. वाटेत भरून घेतो. पेट्रोल पंपावर, भक्त निवासात, शेतकऱ्याच्या बोअरवर विचारलं तर पाणी मिळतं. पिण्याचं मात्र वेगळ्या जारमध्येच ठेवतो.

अशा तीन-चार रात्री झाल्या की गाडीचा विचार करा. त्या वर्षभरात एर्टिगाच पुरते. मागची सीट पाडली की तंबू, गाद्या, दोन जार आणि स्वयंपाकाची पेटी बसते. जमलं तर एखादा कॅराव्हॅन दोन दिवस भाड्यानेही घेऊन बघा, पुण्या-मुंबईकडे मिळतात. बारा लाख खर्चायच्या आधी काही हजारांत बरंच कळतं.

आता गाड्यांकडे वळू. ओढायचा कॅराव्हॅन नको म्हटलं, कारण आपल्याकडच्या गावांतून तो घेऊन जाणं आणि मुख्य म्हणजे मागे घेणं फार अवघड आहे. समोरून उसाची ट्रॉली आली की तुम्हालाच मागे सरकावं लागतं, आणि जोडलेला कॅराव्हॅन मागे घेताना स्टेअरिंग उलट फिरवायचं असतं. त्याची वेगळी नोंदणी, वेगळा विमा आणि उभा करायला वेगळी जागा लागते. शिवाय एर्टिगासारख्या गाडीने भरलेला कॅराव्हॅन ओढू नये, ती त्यासाठी बांधलेलीच नाही.

ईको ही दोन माणसांची, फार तर दोन माणसं आणि एक लेकरू यांची मुक्कामी गाडी. स्वस्त, दुरुस्ती कुठेही होते, गल्लीबोळात जाते. पण आत उभं राहता येत नाही आणि पाच जणांना झोपता येत नाही. क्रूझर आणि तुफान आपल्याकडे वऱ्हाडं नेऊन नेऊन सगळ्यांच्या ओळखीच्या. दणकट आहेत, मेकॅनिक गावोगावी आहेत, पण आत वाकूनच फिरावं लागतं. सासूबाईंसाठी तेच नडेल. टाटा विंगरची कमी उंचीची पायरी मला आवडते, गाडी चालवायलाही कारसारखी वाटते. पण तिला पुढच्या चाकांची ओढ आहे. मागे वजन भरून ओल्या मातीच्या चढावर गेलं की पुढची चाकं नुसती फिरतात. फोर्स ट्रॅव्हलरमध्ये ओढ मागच्या चाकांना, आत बऱ्यापैकी उंच माणूसही उभा राहतो, आणि सुटे भाग उदगीरपासून किनवटपर्यंत कुठेही मिळतात. तुमच्या घरासाठी मी ट्रॅव्हलरच सुचवेन. तीही ३३५० मिलिमीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमध्ये तेवढं अंतर असलेली. त्याहून लांब गाडी घेतली की जागा वाढते, पण माहूरच्या घाटात आणि देवळापुढच्या गर्दीत तीच लांबी जड जाते.

बारा लाखांतले निम्म्याहून जास्त गाडीवर घालू नका. साधारण पाव भाग आतल्या कामाला ठेवा. उरलेला पाव भाग टायर, क्लच, ब्रेक, कर आणि विमा यात जातो. तो जाणारच असं धरून चाला.

कागदपत्रांचं आधी बघा, सौदा नंतर करा. जुन्या ट्रॅव्हलर बहुतेक पिवळ्या पाटीच्या असतात, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या पासिंगच्या. ती खासगी करायची तर परमिट परत करणं, कराचा फरक भरणं, नोंदणीतला वर्ग बदलणं हे सगळं येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. नुसत्या सीट काढून पलंग बसवणं हाही बदलच आहे. नोंदणीत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनसाठी स्वतंत्र वर्ग आहे आणि मोटर कॅराव्हॅन कशी असावी यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. तुमच्या अंबाजोगाईतच आरटीओ कार्यालय आहे, एमएच-४४ चं. गाडी घेण्याआधी तिथे जा, कोणती गाडी आणि काय बदल करायचाय ते सांगा, काय लागेल ते लिहून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. 'आरटीओचं आम्ही बघून घेऊ' असं जो बॉडीवाला म्हणतो, त्याच्याकडे काम देऊ नका. अपघात झाला की दावा तुमचा अडकतो, त्याचा नाही.

आतलं काम करताना माझा एक हट्ट असतो आणि त्यावरून मी गिऱ्हाईकं सोडलीत. कंपनीने बसवलेल्या, पट्टे असलेल्या सीट तेवढ्या माणसांच्या राहिल्याच पाहिजेत. पुढे ड्रायव्हर आणि शेजारी एक, त्यामागे तिघांची एक रांग. झाले पाच. घर त्या रांगेच्या मागे बांधायचं. चालत्या गाडीत लेकरांनी पलंगावर लोळत जायचं नाही. जोराचा ब्रेक लागला तर पलंगावरचं लेकरू थेट पुढच्या काचेकडे जातं. सुताराने प्लायवूडची बैठक करून तिला बाजारातला पट्टा लावला तर ती सीट होत नाही. धक्क्यात ती स्क्रूसकट उखडते.

दुसरी गोष्ट वजनाची. आपले सुतार घरातल्या किचनसारखं काम करतात, १८ मिलिमीटरचा प्लाय आणि वर ग्रॅनाइट. १८ मिलिमीटरच्या आठ बाय चारच्या एका प्लायचं वजन तीसएक किलो भरतं, आणि असे दहा प्लाय कधी लागले ते कळतही नाही. १२ मिलिमीटरचा वापरा, शक्य तिथे अॅल्युमिनिअमचा सांगाडा आणि हलकी शीट. काम झाल्यावर टाकी भरून, सगळी माणसं बसवून, मोंढ्याजवळच्या किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी चढवा. नोंदणी पुस्तकात भारासह कमाल वजन लिहिलेलं असतं. पावतीवरचा आकडा त्याच्या आत हवा, आणि डावी-उजवी बाजूही साधारण सारखी भरायला हवी.

विजेचा हिशेब लोक उलटा करतात, आधी एसी मागतात. १२ व्होल्टची १०० अँपिअरतासाची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॉटतास. १ टनाचा एसी चालवला तर ती तासाभरात आडवी होते. तीच बॅटरी दोन छोटे पंखे रात्रभर, दिवे आणि चार मोबाइल यांना दोन रात्री सहज पुरते. फ्रिज लावलात तर तो एकटा दिवसाला पाचशे वॉटतासांच्या आसपास खातो. पहिल्या वर्षी बर्फाचा डबा वापरा. टपावर २०० वॉटचं सोलर पॅनल आपल्या हिवाळी उन्हात दिवसाला सातशेएक वॉटतास भरून देतं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज असलाच पाहिजे आणि तारा जाड, अस्सल तांब्याच्या. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत ही तार बारीक होती, गादीखालून नेलेली. तिचं कवच वितळून गादीला डाग पडला होता. घरच्यांना जळका वास आला म्हणून ते जागे झाले. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाचं वायरिंग तपासल्याशिवाय हाताखालून जाऊ देत नाही.

गॅसचंही तसंच. ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या, उभा ठेवा, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेरच्या बाजूने भोक हवं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. स्वयंपाक होईल तेवढा बाहेर करा. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी कधीही, कुणाच्याही आग्रहाने ठेवू नका. तिच्या धुरात वासही न येणारा विषारी वायू असतो, आणि झोपलेली माणसं झोपेतच जातात. थंडीसाठी गोधडी. वरची एक खिडकी बोटभर उघडी.

सासूबाईंच्या सोयीचं बोलायचं तर दोन वस्तू सगळ्यात आधी घ्या. एक, औषधांच्या दुकानात मिळते ती कमोडची घडीची खुर्ची किंवा डब्याचं छोटं शौचालय. रात्री बाहेर अंधारात, काट्याकुट्यात जायची वेळच येऊ नये. डबा सकाळी भक्त निवासाच्या किंवा घरच्या शौचालयात रिकामा करायचा, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर कधीच नाही. दुसरी, दाराशी ठेवायची रुंद, न हलणारी पायरी आणि दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांड्या. त्यांचा पलंग दाराजवळ आणि खुर्चीच्या उंचीचा करा. लेकरांचे पलंग मागे, वरखाली.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याची गाडी मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखी तापलेली असते. छताला उष्णता अडवणारी जाड नायट्राइल शीट लावली तरी मे महिना मे महिनाच. जूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा पडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप मोबाइलमध्ये ठेवा. वीज कडकडायला लागली की तंबू आणि झाड दोन्ही सोडून काचा बंद करून गाडीत बसा.

जागा निवडताना काळ्या मातीला भ्या. दहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गोदाकाठच्या एका शिवारात मी सपाट दिसतंय म्हणून रस्त्यापासून पन्नास पावलं आत गाडी लावली. रात्री दोनला अर्धा तास पाऊस झाला. सकाळी मागची चाकं धुऱ्यापर्यंत रुतलेली. धाकट्याला ताप भरला होता आणि गाडी जागची हलत नव्हती. ट्रॅक्टर यायला अकरा वाजले. ते पाच तास मी विसरलेलो नाही. काळी माती कोरडी असताना दगडासारखी असते, भिजली की लोण्यासारखी होते. मुरूम, खडक किंवा डांबराच्या कडेलाच थांबा आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा. खाली बाभळीचे काटे झाडून घ्या. गाडी समतल आहे का हे बघायला ताटात पाणी ओतून फरशीवर ठेवा. उतार असेलच तर झोपताना डोकं चढाकडे. नदीपात्रात, धरणाच्या खालच्या अंगाला थांबू नका. वरून पाणी सोडलं की ते तुम्हाला विचारून येत नाही.

साप-विंचवाचं भय दाखवत नाही, पण सांगायलाच हवं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. कित्येकदा चावल्याचं दुखतही नाही. म्हणून तंबू शिवलेल्या तळाचा आणि चेन पूर्ण लागणारा हवा. बाहेर पडताना विजेरी, चपला झटकून. काही झालंच तर दोरी बांधू नका, चिरू नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. अंबाजोगाईच्या आसपास असाल तर तुमचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे.

येळवशीनंतरची दुसरी सहल मी तुळजापूर-नळदुर्गची सुचवेन. मुक्काम तुळजापुरात, भक्त निवासाजवळ. सासूबाईंना खोली, तुम्ही आणि लेकरं गाडीत किंवा तंबूत, ज्याला जे सोसेल ते. सकाळी दर्शन आणि मग नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीवरचा पाणीमहाल लेकरांना दाखवा. हिवाळ्यात नर-मादी धबधबे वाहत नसतात, पण धरणाच्या भिंतीच्या पोटातला महाल तेव्हा निवांत बघता येतो. तिसरी सहल लांबची, दोन रात्रींची. वेरूळ, दौलताबाद आणि म्हैसमाळ. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, एवढं ध्यानात ठेवून निघा. थंडीत पैठणला नाथसागरावर पक्षी उतरतात, परतताना एक सकाळ तिथे ठेवा. गौताळ्याला जायची इच्छा होईल, पण ते अभयारण्य आहे. वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथे रात्र काढता येत नाही. कुठल्याही गावाच्या शिवारात थांबायचं तर अंधार पडायच्या आधी जमिनीच्या मालकाला विचारा आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. आपल्याकडची माणसं मग रात्री एकदा येऊन विचारपूसही करून जातात, कधी गरम दूधही देतात.

पहिल्या रात्री स्वयंपाक करू नका. धपाटे, दशम्या, शेंगांची चटणी आणि दही पुरे. तंबू लावणं, अंथरुणं घालणं, लेकरांना सांभाळणं यातच जीव दमतो. भाकरी थापायची हौस दुसऱ्या दिवशी सकाळी.

वर्षाने जुनी ट्रॅव्हलर बघायला जाल तेव्हा टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी फार जुना टायर उन्हात फुटतो, आणि समृद्धीसारख्या रस्त्यावर वेगात फुटला तर गाडी हातात राहत नाही. चासीवर नवा काळा रंग दिसला तर नाणं घेऊन खरवडून बघा, खाली गंज असतो. शाळेला लावलेली असेल तर क्लच आणि दारांची बिजागरं आधी तपासा. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला सांगा. आणि सासूबाईंना सोबत न्या. त्या पायरी चढून आत जाऊ द्यात, दोन मिनिटं बसू द्यात, एकट्याने खाली उतरू द्यात. त्या उतरताना गाडीवाल्याशी बोलत बसू नका, त्यांच्या गुडघ्यांकडे बघा.